आयकलं का

ट्रक उलटा मागं येत होता आणि कोकिळाच्या एका हातात तराजू होता, दुसऱ्या हातात वांगी. क्लीनर फळीवर थापा मारून ओरडत होता, हॉर्न वाजत होता, बुलढाण्याच्या भाजीबाजारातली माणसं आपापल्या पाट्या ओढून घेत होती, आणि इंद्रभान ट्रककडे पाठ करून कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होता. अगदी सावकाश, बोटं झटकून झटकून. ती ओरडली नाही. ओरडून उपयोग नाही हे तिच्या घशाला तिच्या आधी ठाऊक होतं. तराजू टाकून ती उठेपर्यंत शेजारच्या कांद्या-बटाट्यावाल्या अब्दुल गनीनं इंद्रभानला सदऱ्याला धरून ओढलं. फळी खांद्याला घासून गेली, कोथिंबीर चाकाखाली गेली, झालं ते एवढंच. "काऊन बे, आयकू नाही आलं?" अब्दुल गनी म्हणाला. इंद्रभाननं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, हसला, म्हणाला, "ध्यान नव्हतं." आणि कोकिळा लगेच म्हणाली, "त्यायचं ध्यानच नसते भाऊ, वांग्यावर कीड पडली तईपासून." मरण हातभर अंतरावरून गेलं होतं आणि तिच्या तोंडून आधी निघालं ते खोटंच, तेही किती तयार, किती घडी घातलेलं. तिला स्वतःच्या जिभेची भीती वाटली.

दुपारी बाजार ओसरल्यावर इंद्रभान बैलगाडीकडे गेला तेव्हा अब्दुल गनी तिच्यापुढं उकिडवा बसला. "भाभी, त्याले आयकू येत नाही." तो विचारत नव्हता. तिनं नेहमीचं 'येते ना' ओठांवर आणलं आणि ते तिथंच राहिलं. पाच वर्षांत कुणी असं समोर बसून म्हटलं नव्हतं. "नाही येत," ती म्हणाली. "अजिबात नाही येत, भाऊ. ढोल वाजला तं छातीत कळते म्हनतात, बाकी काही नाही." अब्दुल गनीनं मान हलवली. त्याच्या मावसभावाचा पाय लढाईत गेला होता, त्याला सरकारनं पेन्शन बांधून दिली होती. सैनिक बोर्डात जा म्हणाला. कान काय अन् पाय काय, सरकारच्या कामात गेला तं सरकारनं लिहून द्याले पाहिजे.

लिहून द्यायला पाहिजे. आपल्या गावची, देऊळघाटची वाट धरल्यावर ती गाडीत मागं बसून या तीन शब्दांभोवती फिरत राहिली. समोर त्याची पाठ होती, घामानं काळी झालेली, आणि त्या पाठीशी ती काहीही बोलू शकली असती. लढाईवरून तो परत आला त्या साली तिनं या पाठीशी किती बोलून पाहिलं होतं. पासष्टच्या लढाईत तो तोफेवर होता, गोळा भरायच्या कामावर. कानात घालायला कापूस असायचा, पण गोळ्यामागून गोळा चालला की कापूस कोण शोधतो. कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग माणसं लांब गेली, शेवटी तोफही. लढाई संपल्यावर माणसं फौजेतून सुटायला लागली तेव्हा पलटणीच्या डॉक्टरनं ओळीनं सगळ्यांना तपासलं. तोंडापुढं कागद धरून तो काहीतरी विचारत होता आणि पुढचे सगळे जण 'हाँ साब' म्हणत होते, म्हणून इंद्रभानही 'हाँ साब' म्हणाला. त्यानं विचारलं होतं, कान ठीक आहेत? हे सारं तिला फार पुढं समजलं, तुकड्या-तुकड्यानं, तोही कधी सरळ बोलला नाही. त्या वेळी तिला एवढंच दिसलं की आपला माणूस घरी आला आणि आपल्याशी बोलत नाही. चुलीशी बसून ती विचारायची, भाकर वाढू का, आणि तो भिंतीकडे बघत बसलेला. ती माहेरचं सांगायची, तो मध्येच उठून जायचा. तिनं चुका शोधल्या, स्वतःच्या, सासूच्या, नशिबाच्या. तो तिच्याकडे बघायचा तेव्हा मात्र इतकं टक लावून बघायचा की तिला वाटायचं, आता मारेल. मग एके सकाळी तो जेवत असताना त्याच्या मागं फळीवरून पितळेची परात पडली, गरगरत उंबऱ्यापर्यंत गेली, गल्लीतली कुत्री भुंकली, आणि त्यानं शांतपणे भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला.

त्या दिवसापासून ती त्याच्या डाव्या बाजूनं चालू लागली, कोपराला हात लावून. कुणी काही विचारलं की ती तोंड त्याच्याकडे वळवून तेच पुन्हा म्हणायची: "पाह्यलं का, रामभाऊ पुसतात, यंदा मिरची लावली का." बोटानं एक दाब दिला तर हो, दोन दिले तर नाही. हे त्यांनी ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरत गेलं, जसं दोन बैलांचं ठरतं. पोर झाली, चालायला लागली, तीही बापाशी बोलायचं तर आधी त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहायला शिकली. तिला वाटे सगळ्याच बापांशी असंच बोलतात. गावात कुणाला कळलं नाही. बहिऱ्याची बायको म्हणवून घ्यायचं नव्हतं एवढंच होतं का ते? तिला नीट आठवेना. सुरुवातीला काहीतरी कारण होतं, मग नुसती सवय होती, आणि सवयीखाली असा थकवा की सकाळी उठताना तिला वाटे रात्रभर कुणाचं तरी ओझं वाहिलं आहे. दिवसभर दोन माणसांचं ऐकायचं आणि दीड माणसाचं बोलायचं.

सैनिक बोर्डातल्या बाबूनं त्यांना बाकावर बसवून ठेवलं, मग बोलावलं. माणूस वाईट नव्हता, त्याचं टेबल वाईट होतं, कागदांनी भरलेलं. त्यानं सुटकेचा कागद उलगडून बोट ठेवलं. कान चांगले, असं तिथं लिहिलेलं होतं. "हे खोडून काढायचं म्हणजे पुरावा लागेल," बाबू म्हणाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचा दाखला, गावातल्या जबाबदार माणसाचा जबाब, आणि तोफेवर सोबत असलेल्या कुणाचं तरी पत्र. मग त्यानं टाक उचलला. "दुखापत कोणत्या तारखेला झाली?" कोकिळानं तोंड वळवून प्रश्न इंद्रभानला दिला. "तारीख नाही, साहेब," तो म्हणाला. त्याचा आवाज नको तितका मोठा झाला आणि बाजूचे दोघे वळून पाहू लागले. "एक दिवस नव्हता तो. हळूहळू समदं दूर दूर गेलं." बाबूनं टाक तसाच धरून ठेवला. एवढ्याशा चौकोनात हे मावणार नव्हतं. शेवटी त्यानं लढाईच्या महिन्याचं नाव घातलं. बाहेर आल्यावर इंद्रभान म्हणाला, "काही लंगडा नाही मी. राहू दे हे." ती ऐकलं नसल्यासारखी चालत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे आपल्यालाही जमतं.

तोफेवर सोबत असलेल्या साताऱ्याकडच्या हवालदाराचं पत्र आलं, तीन ओळींचं. जबाबदार माणूस म्हणजे पोलीसपाटील उकंडराव. ती इंद्रभानला घेऊनच गेली, कारण त्याच्यामागं त्याच्याविषयी बोलणं तिला जमलं नसतं. आणि तिथं गेल्यावर कळलं की त्याच्यादेखत बोलणंही तसंच आहे, त्याच्यामागं बोलल्यासारखंच. उकंडराव ओट्यावर सुपारी कातरत होते. साठीचा माणूस, ओठ झाकणाऱ्या पांढऱ्या मिशा. तिनं काय हवं ते सांगितलं. त्यांनी सुपारी थांबवली. "सूनबाई, म्या आजवर खोटी सही केली नाही. पैशासाठी केली नाही, भावासाठी केली नाही. इंद्रभानले आयकू येत नाही म्हनता? अवं, साऱ्या गावात आयकणारा मानूस म्हनशील तं हा एकच आहे."

ती गोंधळली. उकंडराव इंद्रभानकडे वळले आणि इंद्रभान त्यांच्याकडे बघून हसला, मान डोलावली, जशी तो नेहमी डोलवायचा. "पाह्य," ते म्हणाले. "परवा सांजच्याला इथीच बसला होता माह्यापाशी. माही पोरगी गेली ते म्या कोनाले सांगत नसतो. बायकोले नाही सांगत. याले सांगतो. बाकीचे मधात बोलतात, आपलंच घोडं दामटतात. हा डोळ्यात डोळा घालून आयकतो. दोन साल झाले, याच्यापाशीच बोलून मोकळा होतो मी." कोकिळाला उन्हातही गार वाटलं. मिशांमुळे उकंडरावांचे ओठ दिसत नाहीत, त्यांचं एक अक्षर कळत नाही असं इंद्रभानच एकदा म्हणाला होता. म्हणून तो त्यांच्यापुढं सगळ्यांत जास्त मान डोलवायचा. तिला वाटलं, उठून जावं. सही नको. पण तिच्या डोळ्यांपुढं ती फळी आली, खांद्याला घासत गेलेली, आणि ती बसून राहिली. "मामंजी," ती म्हणाली, "आता तुमी त्यायले काही इचारा. मी हात लावत नाही." तिनं त्याच्या कोपरावरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग इंद्रभानकडे. "इंद्रभान," ते हळू आवाजात म्हणाले, "माह्या पोरीचं नाव काय होतं?"

इंद्रभान हसला. मान डोलावली. "हाव," म्हणाला. मग त्यानं उकंडरावांचे डोळे पाहिले आणि त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं, कुठं ठेवावं ते न कळून. उकंडरावांनी अडकित्ता खाली ठेवला, आत गेले, चष्मा आणि शाई घेऊन आले, बाबूनं सांगितलं होतं त्याप्रमाणे लिहिलं, सही केली, शिक्का मारला. कागद त्यांनी तिच्या हातात दिला. इंद्रभानकडे पाहिलं नाही. ओट्याच्या पायऱ्या ती उतरली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, तिच्यासाठीच होता तो: "विमल होतं तिचं नाव." तिनं ते इंद्रभानला सांगितलं नाही. वाटेत तो म्हणाला, "पाटील नाराज झाला का?" ती म्हणाली, नाही. आणखी एक घडी घातलेलं खोटं.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, डोळ्यांखाली काळं आलेलं. व्हरांड्यात रांग होती, हगवणीची पोरं होती, आणि हे एक प्रकरण त्यांच्यापुढं कंटाळ्यासारखं आलं. त्यांनी इंद्रभानला समोर बसवून नाव विचारलं, गाव विचारलं, काय लावता शेतात विचारलं. इंद्रभाननं सगळ्याची उत्तरं दिली. डॉक्टरांना मिशा नव्हत्या, ओठ कोरे होते, उजेड खिडकीतून थेट तोंडावर पडत होता, आणि प्रश्नही तेच, जे सगळे विचारतात. भिंतीशी उभ्या कोकिळाला त्याचा ताठ झालेला मणका दिसत होता. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तो एकेक प्रश्न जिंकत होता. चूक, चूक, ती मनात म्हणत होती, एकदा तरी चूक. डॉक्टरांनी लोखंडी चिमटा वाजवून कानाशी धरला, भुवया उंचावल्या. "हाव," इंद्रभान म्हणाला. दुसऱ्या कानाशी धरला. "हाव." डॉक्टरांनी चिमटा टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. "बाई, यांना तर चांगलं ऐकू येतंय."

"नाही येत, साहेब," ती म्हणाली. "ते तसंच म्हनतात. सवय आहे. मांगून बोलून पाहा."

"मागून बोललं की सगळेच गप्प बसतात," डॉक्टर म्हणाले. रागानं नाही, दमून म्हणाले. "ज्याला पेन्शन हवी तो मागं कशाला वळेल? गेल्या आठवड्यात असाच एक आला होता." त्यांनी डोळे चोळले. मग खुर्ची पुढं ओढून इंद्रभानच्या अगदी समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल असे. "एक करू. मी यांच्या चेहऱ्याकडे बघतो. तुम्ही मागं उभ्या राहून बोला. असं काहीतरी, की ऐकलं तर माणसाचा चेहरा हलल्याशिवाय राहणार नाही."

ती त्याच्यामागं जाऊन उभी राहिली. मान, कानांमागचे पिकायला लागलेले केस, सदऱ्याची कॉलर तिनंच शिवलेली. काय बोलायचं? "घरी हाक मारता तशी मारा आधी," डॉक्टर म्हणाले. "आयकलं का," ती म्हणाली. दाराशी उभा असलेला कंपाउंडर फिसकन हसला, आणि तिलाही कळलं की लग्नापासून आपण नवऱ्याला हीच हाक मारत आलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली, अंहं, एवढ्यानं नाही. खोलीत औषधाचा उग्र वास होता. तिला वाटलं, ओरडून सांगावं की पोरगी विहिरीत पडली. पण ते तोंडातून निघेना, अभद्र होतं. मग तिच्या तोंडून निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतंच.

"मी जाणार होती," ती म्हणाली. "तुमी लढाईहून आले त्या साली. माहा भाऊ कचरू लोणारवरून मले न्याले आला होता. म्याच बोलावलं होतं त्याले. गठुडं बांधलं होतं मी, चुलीमांगं ठुलं होतं. मले वाटलं, या मानसाच्या मनातून मी उतरली, इथी राहून काय करू. अन् त्याच सकाळी मले समजलं का तुमाले आयकू येत नाही. मंग गठुडं सोडलं. कचरूले वापस धाडलं." तिचा आवाज स्थिर होता, याचंच तिला नवल वाटत होतं. "लोक म्हनतात लय जीव लावते कोकिळा, हात सोडत नाही. मले हात सोडावासा वाटते. रोज वाटते. मी थकली. परत तसा दिवस आला तं गठुडं सोडीन का नाही, मले मालूम नाही."

मान हलली नाही. कानांमागचा केस हलला नाही. तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण समोर डॉक्टरांचं दिसत होतं. ते बघत होते, आणि बघता बघता त्यांची नजर इंद्रभानच्या चेहऱ्यावरून घसरून जमिनीवर गेली. मग तिला कळलं की इंद्रभान हसत असणार. आता पुढचा प्रश्न कोणता, म्हणून तयार होऊन, मान किंचित पुढं करून, नेहमीसारखा. कंपाउंडर दारातून निघून गेला होता. डॉक्टरांनी टेबलाकडे वळून लिहायला घेतलं. काय लिहिलं ते इंग्रजीत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्याकडे दिला आणि दुसरं काही न सुचल्यासारखे म्हणाले, "पाणी पिणार का, बाई?"

अर्जाचं उत्तर यायला पुढं वर्ष गेलं. मध्ये त्याला दूरच्या लष्करी दवाखान्यातही जावं लागलं, तिथं यंत्रं होती, तिथं कुणी काही बोलून दाखवायला लागलं नाही. मंजूर झालं. गावाला कळलं, आणि गाव त्याच्याशी ओरडून बोलू लागलं, काही जण त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलू लागले. उकंडराव वर्षभर ओट्यावरून त्याला नुसता हात दाखवत राहिले. मग एक दिवस मिशा कापून बसलेले दिसले. वरचा ओठ उघडा, म्हातारा, ओळखू न येणारा. त्यांनी इंद्रभानला शेजारी बसवून घेतलं.

पण त्या दिवशी यातलं काहीच झालेलं नव्हतं. त्या दिवशी दोघं दवाखान्याच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभी होती, तिनं कागद चोळीत खोचला होता आणि पदरानं तोंड पुसत होती. शेजारच्या सत्यभामाबाईकडे पोरगी ठेवली होती, लवकर पोचायला हवं होतं. तिचे पाय निघत नव्हते. इंद्रभान तिच्याकडे बघत होता. "डागदरचं तोंड उतरलं," तो म्हणाला. "तू मांगून काय बोलली?"

"काही नाही," ती म्हणाली, रस्त्याकडे तोंड करून.

तिला वाटलं, झालं. आता तो मान डोलावेल, हाव म्हणेल, आणि दोघं चालायला लागतील. तो हलला नाही. त्यानं तिचा खांदा धरला आणि तिला आपल्याकडे वळवलं, उजेड तिच्या तोंडावर येईल असं. "मले आयकू नाही आलं," तो म्हणाला. पाच वर्षांत हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाबूपुढं नाही, पाटलापुढं नाही, तिच्यापुढं तर नाहीच. त्याला ते म्हणताना घाम आला होता. "इकडं पाहून सांग."

तिनं सांगितलं. ओठ नीट उघडून, एकेक शब्द वेगळा करून, तेच सगळं, गठुड्यापासून. एकदा वाटलं शेवटचं गाळावं, पण तिनं गाळलं नाही. जाणारी-येणारी माणसं बघत होती. एक बाई भर रस्त्यात नवऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन आवाजाशिवाय काहीतरी म्हणते आहे; तिनं आवाज केव्हा सोडून दिला ते तिलाही कळलं नव्हतं. तो तिच्या ओठांवरून नजर काढत नव्हता. ती थांबली तेव्हाही तो बघतच राहिला, आणखी असेल म्हणून.

"कचरू न्याले आला होता?" तो शेवटी म्हणाला.

तिनं मान हलवली.

"म्या त्याले शेतात नेलं होतं त्या दिवशी," इंद्रभान म्हणाला. "मक्याची कनसं भाजून देली. तो सारखा बोलून राह्यला होता अन् मी हाव हाव म्हनत होतो." तो थांबला. त्याचा आवाज आता अगदी बारीक झाला होता, एवढा की तिलाच पुढं वाकावं लागलं. "मले वाटलं, भेटाले आला."